डोमेन संपलं, पण अजून हातातून गेलेलं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या मसाला कारखान्याच्या डॉट कॉम डोमेनची मुदत 12 दिवसांपूर्वी संपली. वेबसाइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसतंय, मेल यायचे बंद झालेत, डिझायनर फोन उचलत नाही. आणि हूइज नोंद (डोमेन कुणाकडे, कधीपर्यंत आहे याची इंटरनेटवरची जाहीर नोंद) पाहिली तर तिथे पुढच्या वर्षीची तारीख आहे. म्हणजे दुसऱ्या कुणी डोमेन घेतलं का?

नाही, तसं दिसत नाही. ती पुढच्या वर्षीची तारीख पाहून बरेच जण घाबरतात. डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइन या कंपनीकडे असते. मुदत संपली की व्हेरिसाइन डोमेन आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि त्याचे पैसे रजिस्ट्रारकडून, म्हणजे ज्या कंपनीकडून तुमचं डोमेन घेतलंय तिच्याकडून, कापून घेते. ग्राहकाने पैसे भरले नाहीत तर रजिस्ट्रार 45 दिवसांच्या आत डोमेन रद्द करून ते पैसे परत मिळवू शकतो. म्हणून नोंदीत रजिस्ट्रीची, म्हणजे व्हेरिसाइनच्या वहीतली, तारीख पुढची दिसते आणि तुमच्या खात्यात मात्र डोमेन संपलेलंच असतं. स्टेटसच्या ओळीत 'ऑटो रिन्यू पीरियड' असं दिसत असेल तर तुम्ही याच टप्प्यात आहात.

या टप्प्यात साधारणपणे नेहमीच्या फीमध्ये नूतनीकरण होतं, म्हणून आजच करा. 45 दिवस ही कमाल मर्यादा आहे, तुमचा हक्क नाही. रजिस्ट्रार त्याआधीही डोमेन रद्द करू शकतो. त्याहून मोठा धोका लिलावाचा आहे. पुष्कळ रजिस्ट्रार महिनाभराच्या आसपास अशी नावं लिलावात काढतात. बोली लागली आणि तुम्ही पैसे भरलेले नसले तर नाव थेट बोली लावणाऱ्याच्या खात्यात जातं. पुढचे जे टप्पे मी सांगणार आहे ते मग येतच नाहीत. जुनी, लोकांना माहीत असलेली, इतर साइटवरून लिंक असलेली नावं अशीच जातात, आणि कारखान्याचं नाव त्यातलंच आहे.

लिलाव झाला नाही आणि रजिस्ट्रारने डोमेन रद्द केलं तर 30 दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ सुरू होतो. तेव्हाही नाव सोडवता येतं, पण फक्त त्याच रजिस्ट्रारमार्फत, आणि वार्षिक फीवर सोडवण्याचा वेगळा आकार लागतो. तो फीच्या कितीतरी पट असतो. त्यानंतर 5 दिवस 'पेंडिंग डिलीट'. या 5 दिवसांत कुणालाच काही करता येत नाही. मग नाव खुलं होतं आणि चांगलं नाव असेल तर सुटलेली नावं टिपणाऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर्स ते त्याच क्षणी उचलतात. 'सुटलं की परत घेऊ' हा हिशेब म्हणूनच करू नका.

आता तुमची खरी अडचण. डोमेन कुणाच्या खात्यात आहे? आपल्याकडे छोट्या व्यवसायांचं डोमेन बहुतेक वेळा वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं. डोमेनच्या व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार रजिस्ट्रारला मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, सुमारे आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर 5 दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. त्या सूचना खात्यात नोंदवलेल्या पत्त्यावर जातात, म्हणजे डिझायनरच्या मेलवर. किंवा त्याहून वाईट, त्याच डोमेनवरच्या मेलवर. तसं असेल तर डोमेन बंद, म्हणून मेल बंद, म्हणून खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंकही मिळत नाही.

डिझायनरला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा की नूतनीकरणाचे पैसे आत्ता पाठवतो, फक्त रिन्यू करून द्या. नाव कुणाच्या खात्यात हवं हा वाद आज काढू नका. उत्तर आलं नाही तर नोंदीत रजिस्ट्रारचं नाव असतं, त्यांच्या सपोर्टला थेट गाठा. जीएसटी प्रमाणपत्र, डिझायनरला दिलेल्या पैशांची बिलं, जुने मेल जवळ ठेवा. नोंदणीधारक म्हणून कारखान्याचं नाव असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. डिझायनरचं नाव असेल तर रजिस्ट्रारच्या लेखी धारक तोच, आणि मग त्याला शोधून काढण्याला पर्याय नाही.

रिन्यू झाल्यावर लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू नका. मुदत संपल्यापासून 45 दिवसांच्या आत हलवलं तर भरलेलं वर्ष वाया जाऊ शकतं. साइट लगेच दिसली नाही तरी धीर धरा. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणाऱ्या यंत्राची) जुनी नोंद इतर सर्व्हरच्या साठवणीत 2 दिवसांपर्यंत राहू शकते.

वेबसाइटपेक्षा मला मेलची काळजी जास्त वाटते. नाव दुसऱ्याच्या हाती गेलं तर त्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल त्याला मिळतो: ग्राहकांच्या ऑर्डरी, बँकेची पत्रं, पासवर्ड बदलण्याच्या लिंक. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात एका सुरक्षा संशोधकाने वकिलांच्या फर्मची सोडून दिलेली डोमेन्स नव्याने विकत घेऊन हेच दाखवून दिलं. अशिलांची गोपनीय कागदपत्रं त्याच्याकडे आपसूक येऊ लागली. त्याने काहीही हॅक केलं नव्हतं. म्हणून बँक, जीएसटी पोर्टल, गुगल व्यवसाय खातं यांवर त्या डोमेनचा मेल दिला असेल तर डोमेन वाचो न वाचो, तो आजच बदला.

'ऑटो-रिन्यू तर चालू होतं' असंही तुम्ही लिहिलंय. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम लागू आहेत. ग्राहकाने आधी ई-मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची ऑनलाइन परवानगी, मंजूर केलेला नसेल तर भारतीय कार्डावरून अशी रक्कम आपोआप कापली जात नाही. परदेशी रजिस्ट्रारकडे कार्ड जोडून निश्चिंत बसलेल्या कितीतरी जणांची डोमेन्स यातच अडकली. पैसे कापले गेल्याचा मेसेज येईपर्यंत ऑटो-रिन्यू झालं असं धरू नका. डॉट कॉम एका वेळी 10 वर्षांपर्यंत भरता येतं, चालू व्यवसायासाठी निदान 5 वर्षांचं भरून टाका. हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही: डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमची, म्हणजे हॉटमेलचं लॉग-इन ज्यावरून व्हायचं त्या डोमेनची, फी भरायची राहिली आणि नाताळच्या तोंडावर लोकांना हॉटमेलमध्ये लॉग-इन करता येईना. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरले तेव्हा ते सुरू झालं.

नोंदीत रजिस्ट्रार कोण आणि स्टेटसमध्ये नेमके कोणते शब्द आहेत एवढं आज कळवा. डिझायनर उद्यापर्यंत सापडला नाही तर रजिस्ट्रारला पाठवायच्या पत्राचा मजकूर मी लिहून देतो.