वजन ९४ किलो, जिम दोनदा लावून सोडली. गोड फारसं खात नाही, दिवसभर खुर्चीत काम. सुरुवात कुठून करू?

जिमची वर्षभराची फी एकदम भरायची आणि पंधराव्या दिवसापासून घरी जाताना ती गल्ली टाळायची, हा कार्यक्रम माझाही करून झालाय. त्यामुळे लाज वाटून घेऊ नका. तीन वर्षांपूर्वी मी ९१ किलो होतो, वय ४३. बुटाची नाडी बांधायला वाकलो की श्वास अडकायचा, म्हणून नाडी नसलेले बूट घेतले होते. तोच उपाय वाटला होता मला!

'गोड फारसं खात नाही' असं तुम्ही लिहिलंय. मीही हेच सांगायचो. मग एका रविवारी चहा मोजला. ऑफिसात आणि घरी मिळून पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे रोजची चाळीस-पन्नास ग्रॅम, महिन्याला सव्वा ते दीड किलो. एवढी साखर मी एकटा पीत होतो आणि पेढा नाकारून स्वतःची पाठ थोपटत होतो.

त्याहून मोठा धक्का तेलाने दिला. आमच्या घरी माणसं तीन: मी, बायको, आई. पाच लिटरचा डबा आणला की त्यावर मार्करने तारीख लिहायला लागलो. बरोबर महिन्यात डबा रिकामा. आता हिशेब करा. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल. तीन माणसं, तीस दिवस. माणशी रोज ५० ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या ४५०. तेवढ्या जाळायला माझ्यासारख्याला दीड तास तरी भराभर चालावं लागेल. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "अहो, भाजीवर तर्री नसली की तोंड कोण वाकडं करतं?" बरोबरच होतं तिचं. फोडणी चमच्याने मोजून घालायची, पुरी-भजी महिन्यातून एकदा, एवढंच ठरवलं. आता तोच डबा पावणेदोन महिने पुरतो आणि आमटी पूर्वीइतकीच चांगली लागते. आईचं मत वेगळं आहे.

ताटात भाताचा डोंगर आणि बाजूला चमचाभर उसळ असायची, ते प्रमाण उलटं केलं. उसळ वाटीभर, शिवाय दही किंवा अंडी, पोळ्या चाराच्या दोन. पोट भरतं आणि पाच वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. उपवासाला मात्र फसू नका. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट आणि तूप. तो उपवास नाही, ती मेजवानी आहे.

दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की थोडं थोडं पण वरचेवर खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, हा वाद आमच्या ऑफिसातही रंगला होता. दोनदाच जेवून बारीक झालेले लोक मी पाहिलेत आणि थोडं थोडं खाऊन झालेलेही. मला एवढंच जमलं की रात्रीचं जेवण आठच्या आत आणि नंतर काही नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

व्यायाम? मी पुण्यातली पर्वती टेकडी चढायला लागलो. पायऱ्या १०३. पहिल्या दिवशी तीनदा थांबलो, आणि माझ्या आईच्या वयाच्या एक आजी काठी टेकत "सावकाश रे बाळा" म्हणत पुढे गेल्या. दीड महिन्याने न थांबता वर पोचलो. तुमच्याकडे टेकडी नसेल तर इमारतीचा जिना आहेच. गुडघे चढण्यापेक्षा उतरताना जास्त कुरकुरतात, तेव्हा उतरताना घाई नको. सोबत आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठाबशा आणि भिंतीला हात टेकून दंड. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून हे चुकवू नका.

पहिल्या आठवड्यात दोन किलोही उतरू शकतात, पण त्यात पाणीच जास्त असतं. पुढे महिन्याला दीड-दोन किलो म्हणजे उत्तम. ८४ वर माझा काटा सहा आठवडे हलला नाही. वैतागून सोडणार होतो, तेवढ्यात पट्ट्याला नवीन भोक पाडायची वेळ आली. तेव्हापासून वजन फक्त रविवारी सकाळी करतो आणि महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने बेंबीजवळ पोट मोजतो. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. माझं १०६ होतं, आता ९२ आहे.

९१ चे ७७ व्हायला चौदा महिने लागले. गेल्या गणपतीत मोदकांनी दीड किलो परत आणलं, ते जायला दिवाळी उजाडली, आणि मग फराळ आलाच.