चेंबरचं सभासद व्हायचं कशाला?

पेठेतले प्रश्न : वाचक विचारतात, कोल्हापूरच्या शाहूपुरीतले एक गूळ अडते उत्तर देतात

प्रश्न : मी शुक्रवार पेठेत घरीच कांदा-लसूण मसाला करून दुकानांना पुरवते. चेंबर ऑफ कॉमर्सचं सभासद व्हा, असं एकांनी सुचवलं. चेंबर म्हणजे बड्या व्यापाऱ्यांची बैठक, तिथं माझं काय काम? आणि दुकानदार मालाचे पैसे तीन-तीन महिने देत नाहीत, ते चेंबर वसूल करून देईल का?

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेतो, कारण पैसा अडकला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. चेंबर वसुली करत नाही. बाजार समिती कायद्यानं उभी आहे, तिथं सौदे निघतात, परवाना लागतो. चेंबर ही व्यापारी-उद्योजकांनी वर्गणी काढून चालवलेली संस्था. नोटीस काढायचा अधिकार तिला नाही. पण कायदा तुमच्या बाजूनं आहे, आणि तो नीट समजावून सांगणं हे चेंबरचं पहिलं काम.

तुम्ही मिरची आणून, भाजून, डंखावर, म्हणजे कांडप यंत्रावर, कुटून मसाला करता, म्हणजे तुम्ही उत्पादक. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती फुकट होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दुकानदारानं पैसे द्यायला हवेत. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. नोंदणी क्रमांक बिलावर छापा. नोंदणीच्या आधीच्या बिलांवर वाद निघतात, म्हणून हे उद्यावर टाकू नका. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. त्याची उद्यम नोंदणी बँकेच्या कर्जापुरतीच कामाची. तुम्हाला ते आहे, तर वापरा.

आता ‘बड्यांची बैठक’. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत शिरलं, तसं माझ्या गोदामातही शिरलं. गूळ पाण्यात गेला की मागं काही उरत नाही. पाणी ओसरल्यावर फरशीवर काळपट चिकट राप होता आणि कोपऱ्यात रिकामं बारदान. कापडवाला भिजलेले तागे दाखवतो, धान्यवाला कुजलेली पोती दाखवतो. पंचनाम्याला आलेल्या माणसानं मला विचारलं, “माल कुठाय?” बरोबरच होतं त्याचं, डोळ्याला दिसत नाही ते तो कसं लिहिणार? तेव्हा आमच्या व्यापारी संघटनेनं एका कागदावर बसेल असा तक्ता करून दिला : खरेदीच्या पट्ट्या, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, जीएसटीचं विवरण, गोदामाचे फोटो. कार्यालयात एकेकट्यानं हेलपाटे घालण्याऐवजी सगळ्यांचे अर्ज त्याच नमुन्यात, एकगठ्ठा गेले. गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी सभासद नव्हता, त्याचाही अर्ज आमच्याच मुलांनी भरला. दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण ५०,००० रुपयांच्या आत, अशी सरकारची मदत होती. माझ्या गोदामाला ती कुठं पुरणार? पण शिंप्याची मशिनं परत चालू झाली. संघटना गावाची आहे की मूठभरांची, हे मी अशा वेळी पाहतो.

दुसरं, चपलेचं. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या नावावर त्या भागाचा कायदेशीर हक्क, मिळालेलं. सुभाषनगरातला कारागीर कातडं कापेल, वेणी घालेल. मिलानशी पत्रव्यवहार तो कुठून करणार? महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं, म्हणजे राज्यभरच्या चेंबरनं, पत्र लिहिलं. मग भारतातल्या पारंपरिक चपलेवरून प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं, आणि पुढं तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये ही संस्था उभारली ती व्यापार-उद्योगाचं म्हणणं एका तोंडानं मांडता यावं म्हणून, आणि चपलेच्या वेळी ते झालं.

तेव्हा सभासद व्हा, पण दुकानात प्रमाणपत्र लावायला नको. आधी मागचा वार्षिक अहवाल मागून घ्या. त्यात नुसते सत्कार आणि मंत्र्यांना दिलेले हार असतील, तर वर्गणी देऊ नका. कुठल्या प्रश्नावर कुणाला निवेदन दिलं, पुढं काय झालं, हे लिहिलेलं असेल तर जरूर जा. आणि सभेत गप्प बसू नका. घरगुती मसालेवाल्या बायका या शहरात गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या उधारीचा विषय तुम्हीच काढायला हवा.

प्रश्न : मी लक्ष्मीपुरीत हमाली करतो. व्यापारी बंद पुकारतात, त्या दिवशी आमची चूल कशी पेटायची? चेंबरला आमचं काही आहे का?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि पेठेत तो कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटतं. १६ जुलै २०२२ ला देशभरातल्या धान्य व्यापाऱ्यांनी बंद पाळला. पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्य, पीठ, गुळावर २५ किलोपर्यंत पाच टक्के जीएसटी लागणार होता, त्याविरुद्ध. मागणी रास्त होती. आमचा ३० किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, त्यातून सुटत होता, पण गरिबाच्या घरी जाणारं किलोचं पाकीट सापडत होतं. तरी १८ तारखेला कर लागायचा तो लागलाच. दुकानदाराची त्या दिवसाची विक्री दुसऱ्या दिवशी थोडीफार भरून निघते. तुमची हमाली गेली ती गेली.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती गाडीवान, हमाल, तोलाईवाल्यांशिवाय एक दिवस चालली नसती. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : बंद ठरवणाऱ्या बैठकीत हमालांचा माणूस हवा, आणि त्या दिवसाच्या मजुरीचं आधी ठरायला हवं. तुमच्या संघटनेच्या लेटरहेडवर चेंबरच्या अध्यक्षांना तसं पत्र द्या, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. पत्र घ्यायला कुणी टाळाटाळ केली तर मला येऊन सांगा, मी बरोबर येतो.