निवृत्त आई-वडिलांना आखातातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीनं वर्षभर सेवेला बोलावलंय. तिथे त्यांचा दिवस कसा जाईल?

तुमचा प्रश्न मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. वडील मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत, उपदेश चांगला करतात, मंडळी जेमतेम तीस माणसांची आहे, आणि तुम्हाला काळजी अशी की आठवडाभर ते दोघं करणार काय. एकटे पडून मधेच परत तर येणार नाहीत? हे म्हणाले, "लिही, कंटाळायला सवडच मिळत नाही." तसं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. कंटाळा येतो. पहिले दोन महिने तर मी गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीचे एसी मोजत असे. बेचाळीस होते.

आम्ही इंदूरचे, छावणीकडचे. ह्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. कॅनडाचं मिशन इंदुरात आलं १८७७ साली, त्यांचं ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. किशोरकुमार तिथेच शिकला. (विषय कुठलाही असो, आम्हा इंदूरवाल्यांना किशोरकुमार मधे आणल्याशिवाय राहवत नाही.) सांगायचं हे की आमच्या लेखी मिशनरी म्हणजे बाहेरून इकडे येणारी माणसं. साठी उलटल्यावर आपणच बॅग भरून जाऊ हे डोक्यातही नव्हतं. ह्यांची बँकेतली नोकरी संपली, माझी शाळा संपली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. तेवढ्यात ओळखीतून विचारणा झाली आणि ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ आम्ही मस्कतला होतो. हे तेव्हा ६६ चे, मी ६२ ची.

आधी 'मिशनरी' ह्या शब्दाबद्दल, कारण आमच्या नातेवाइकांचाही गैरसमज होता. ओमानमध्ये दुसऱ्या धर्माच्या माणसाला प्रचार करायला कायद्यानं बंदी आहे. उपासना ठरवून दिलेल्या आवारातच करायची. मस्कतच्या रुवी आणि घाला ह्या दोन भागांत चर्चची आवारं आहेत, सुलतान काबूस यांनी दिलेल्या जमिनीवर. इंदूरला आपण घरोघरी प्रार्थनासभा लावतो, आज जाधवांकडे, उद्या साळव्यांकडे, तसं तिथे चालत नाही. त्यामुळे रस्त्यावर पत्रकं वाटणं वगैरे जे लोकांच्या डोळ्यांसमोर येतं त्यातलं काहीही नसतं. आपलीच माणसं सांभाळायची. आमच्या पटावर ३२ नावं होती: नर्स, वेल्डर, एसी दुरुस्त करणारे, घरकामाला आलेल्या बायका, एक शाळाशिक्षिका, एक हिशेबनीस. नगर, जालना, सोलापूर इकडचे बरेच, बाकी हिंदीवाले. शुक्रवारी अठरा-वीस आले तर हे खूश.

शुक्रवारी, कारण तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी सगळे कामावर. २०२२ चा नाताळ रविवारी आला, म्हणजे नाताळच्या दिवशी सकाळी सगळी मंडळी ड्यूटीवर आणि आम्ही दोघं घरात करंज्या घेऊन बसलेले. रात्री आठला उपासना झाली. वेल्डिंगचा एक पोरगा कंपनीच्या निळ्या कपड्यांतच आला होता, मागच्या रांगेत उभा राहिला, बसेचना. खुर्चीला ग्रीस लागेल म्हणून. मी ओढणी अंथरली तेव्हा बसला.

आता रोजचं. इंदूरला पाचला उठायची सवय, ते तिथले साडेतीन वाजतात. महिनाभर आम्ही दोघं साडेतीनला टक्क डोळे उघडे ठेवून पडलेले असायचो. मग चहा, वाचन, प्रार्थना, साडेपाचला फिरायला. मे लागला की सातनंतर बाहेर पडायचं नाव नको. जून ते ऑगस्ट उघड्यावरच्या मजुरांना दुपारी साडेबारा ते साडेतीन सक्तीची सुट्टी असते, ह्यावरून ऊन किती ते ओळखा. नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत दिवस रिकामा. हे शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून उपदेशाची टिपणं काढत, मी स्वयंपाक करून फोनची वाट पाहत असे. लोक कामावर असतात हो, भेटणार कोण? खरं काम रात्री साडेसातनंतर. भेटी, दवाखाना, कोणाचं पॅकिंग, कोणाला विमानतळावर सोडणं. निवृत्त माणसाची अंथरूण घालायची वेळ ती तिथली कामाची वेळ. आई-वडिलांना दुपारी झोपायची सवय आत्तापासून लावायला सांगा.

एक सोडून. आमच्याकडे सकाळीही एकजण यायची. सोलापूरकडची नर्स, रात्रपाळी करणारी. तिच्या खोलीत चौघीजणी, चौघींच्या पाळ्या वेगळ्या; दिवसा एक स्वयंपाक करतेय, एक घरी व्हिडिओ कॉलवर, झोप मिळणार कुठून? पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं काही बोलायचंय, प्रार्थना हवीय. मी शास्त्र जवळ घेऊन बसले. तिनं पोहे खाल्ले, वर आमच्या इंदुरी पद्धतीनं शेव आणि जीरावण (मसाल्याची पूड) घातलेलं, आणि म्हणाली, "काकू, अर्धा तास पडू का?" सोफ्यावर आडवी झाली ती दुपारी दोनला उठली. पुढे आठवड्यातून दोनदा यायची. बूट दारात काढायची, पंखा एकवर करायची, भिंतीकडे तोंड. हे तोवर आतल्या खोलीत पाय न वाजवता फिरायचे. महिनाभरानं मी ह्यांना विचारलं, हे सेवेत धरायचं का? ते म्हणाले, "अहवालात काय लिहू, एक व्यक्ती झोपली?" लिहिलं नाही. पण अकरा महिन्यांत आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम कुठलं असं मला कोणी विचारलं तर मी तो सोफा सांगेन. त्या लोकांना उपदेश मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. तिथे नसतं ते घरात दिवसभर असणारं म्हातारं माणूस.

दुसरा प्रसंग मार्चमधला. मंडळीतल्या एकाचे वडील गावी वारले, राहुरीच्या बाजूला. त्याला रजा मिळाली नाही. कोणाचा दोष ते लिहीत नाही, करारच तसा होता. माती सकाळी अकराला, म्हणजे तिकडे साडेनऊ. कंपनीच्या खोलीत नको म्हणून तो आमच्याकडे आला, बरोबर दोन मित्र. फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर ठेवला. चित्र मधेच थांबायचं, मग एकदम चार माणसं पुढे सरकलेली दिसायची. शवपेटी खाली सोडताना गावच्या मंडळीनं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत धरलं. आमच्या घरात गायचं नाही हे ठरलेलं. आम्ही पाचजण नुसते ओठ हलवत उभे. मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा त्याचा हात आपसूक टेबलाकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. ह्यांनी तो हात धरला. मग मी चहा केला. तो म्हणाला, "काकू, साखर जास्त घाला, दादांना तसा लागायचा."

ह्याला काय तयारी लागते? काही नाही. घरी असावं लागतं, बस.

शुक्रवारचं म्हणाल तर तीही एक गंमत आहे. एकाच आवारात मल्याळी, तमिळ, तेलुगू, उर्दू, अरबी, फिलिपिनो अशा कितीतरी मंडळ्या, प्रत्येकीला हॉलची वेळ ठरलेली. आम्हाला दीड तास. ह्यांचा पहिला उपदेश पन्नास मिनिटांचा झाला, त्यात इंदूरचं मराठी, 'अपन असं करू' आणि 'मतलब' दर वाक्याला. नगरकर मंडळी माना खाली घालून हसत होती. दानार्पण व्हायचं होतं तोवर दाराच्या काचेतून दोन गिटार, एक ढोलकी आणि पंधरावीस माणसं आत डोकावायला लागली. आशीर्वचन ह्यांनी चालता चालता दिलं. पुढच्या आठवड्यापासून मी पहिल्या रांगेत बसून अठराव्या मिनिटाला चष्मा काढायचा, असं ठरलं. वडील मुख्याध्यापक होते म्हणता, तेव्हा तुमच्या आईंनाही अशी काही खूण ठरवावी लागेल.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायचा विधी, महिन्यातून एकदा. हे दीक्षा झालेले पाळक नाहीत, त्यामुळे दुसऱ्या मंडळीचे पाळक येऊन देत. तयारी माझ्याकडे. आमच्या सासूबाईंची रीत: काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळून, कुस्करून, मलमलीतून गाळायच्या. वीस छोटे पेले हातानं धुवायचे, उलटे वाळत घालायचे. बुधवारी मनुका आणायला जायचं हाच माझा आठवड्यातला बाजार. सुरुवातीला प्रत्येक किंमत २१३ नं गुणून पाहायचे, रियालचा भाव तेव्हा साधारण तेवढा होता, आणि वस्तू परत ठेवायचे. हे म्हणाले, अशानं उपाशी मरू. तेव्हापासून गुणाकार बंद.

आता नवरा-बायकोचं, जे तुम्हाला कोणी सांगणार नाही. छत्तीस वर्षांत आम्ही दोघं दिवसा एकत्र राहिलोच नव्हतो. तिथे एक खोली, एक हॉल, बाहेर ४५ अंश. हे माझ्या फोनवरच्या बोलण्यात दुरुस्त्या करत: "तू तिला परत जा म्हणालीस, असं सांगायचं नसतं." मी ह्यांची टिपणं उचलून टेबल पुसायचे, मग सापडायची नाहीत. एकदा बसचं तिकीट कोणाकडे होतं ह्यावरून रुवीच्या स्टॉपवर असं काही वाजलं की शेजारचा मलबारी हळूच पुढे सरकला. रमजानचे दिवस, घोटभर पाणीही रस्त्यात प्यायची सोय नाही, त्यात हे. त्या वर्षी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) ७ एप्रिलला, रमजानातच आला. उपासनेनंतर घरी पोचेपर्यंत दोघंही अबोल. मंडळीला वाटलं केवढं गांभीर्य. शेवटी आम्ही दुपार वाटून घेतली. दोन ते चार हॉल माझा, आतली खोली ह्यांची, दार बंद. लग्न टिकवायला तेवढं पुरलं.

मे महिन्यात मंडळीतली मुलं आम्हाला बोटीतून फिरवायला घेऊन गेली. जुन्या मस्कतजवळ डोंगरात शिरलेली एक लहानशी खाडी आहे, तिथे जुनं ख्रिस्ती कब्रस्तान. समुद्राच्या बाजूनंच जाता येतं. लाहोरचे पहिले बिशप थॉमस वॅल्पी फ्रेंच तिथे पुरलेत. आग्र्याचं सेंट जॉन्स कॉलेज ज्यांनी १८५० मध्ये काढलं तेच. माझे सासरे त्या कॉलेजात शिकले होते, म्हणून ह्यांना ते पाहायचंच होतं. बिशपपद सोडून, निवृत्तीच्या वयात, १८९१ च्या फेब्रुवारीत ते मस्कतला आले आणि १४ मे रोजी वारले. वय ६६. हे दगडापुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले. बोटवाला घाई करायला लागला. परतताना मला म्हणाले, "तुझी बीपीची गोळी घेतलीस का?" स्वतःची विसरले होते.

त्यावरून आठवलं. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या, हातातल्या बॅगेत. विमा कोण उतरवणार हे जाण्याआधी लेखी घ्या. आमचं घर आणि प्रवास मंडळीकडे होता, खाणंपिणं आमच्या पेन्शनमधून, आणि हे आधी स्पष्ट केल्यामुळे नंतर कडवटपणा आला नाही. जीरावणच्या दोन पुड्या न्या, एक फुटतेच. मुलीशी फोनची वेळ ठरवून घेतली होती, रोज न करता दोन दिवसांआड. रोज केला की दोन्हीकडे जीव टांगणीला.

एकटे पडतील का, ह्याचं उत्तर: दुपारी हो, रात्री नाही.

आणि एक राहिलंच. तुम्ही वडिलांबद्दल एवढं लिहिलंत, आईंबद्दल ओळही नाही. दार त्या उघडणार, चहा त्या करणार, भेटींना जिने त्या चढणार. मजुरांच्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नसते, आम्ही एकदा चौथ्या मजल्यावर पातेलं घेऊन चढलो. त्यांचे गुडघे कसे आहेत?