उन्हाळ्यात इंधन टाकीचं सीलंट वीस मिनिटांतच घट्ट होतंय, हार्डनर कमी टाकू का?

हार्डनर कमी करू नका, भाऊ. तुम्ही लिहिलंय की आर्वीकडे शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान बांधताय. डाव्या टाकीची पहिली रिब (पत्र्याला आतून आकार देणारी आडवी फळी) भर दुपारी बसवताना दोन तासांचं म्हणवणारं सीलंट वीस मिनिटांत तार धरायला लागलं. म्हणून 10 भाग बेसला (म्हणजे मूळ मालाला) 1 भाग हार्डनर, याऐवजी 15 ला 1 घ्यावं का, आणि नाहीच जमलं तर बाजारातला सिलिकॉन लावावा का, असं विचारताय. दोन्ही गोष्टी टाकी वाया घालवतील.

तुमच्या टाकीच्या या पॉलिसल्फाइड सीलंटमधला हार्डनर वेग कमीजास्त करायला नसतो. बेसमधल्या रेणूंच्या साखळ्यांची टोकं तोच एकमेकांना जोडतो. तो कमी पडला की काही टोकं मोकळीच राहतात. सीलंट महिनाभरानेही चिकट लागतं आणि पेट्रोल त्याला हळूहळू मऊ करत जातं. सिलिकॉन तर पेट्रोलमध्ये फुगतो आणि सुटतो. शिवाय पत्र्याला एकदा सिलिकॉन लागला की त्यावर नंतर पॉलिसल्फाइडही धड धरत नाही. त्याची नळी त्या शेडमध्येच नको.

तुमच्या डब्यावर बी-2 लिहिलं असेल. बी म्हणजे उलथन्याने लावायचं घट्ट सीलंट, 2 म्हणजे हाताळायला दोन तास. पण हे दोन तास 25 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता धरून मोजलेले असतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो. म्हणजे 35 अंशांना एक तास, 45 ला अर्धा तास, आणि टिनाखाली तापून पत्राच 55 वर गेला असेल तर पंधरा मिनिटं. तुमच्या वीस मिनिटांचा हिशोब इथेच लागतो, मालात खोट नाही.

त्यामुळे हे काम खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं. मे महिन्यातच करायचं असेल तर पहाटे साडेचारला सुरू करा आणि ऊन टिनावर चढायच्या आत रिव्हेट मारून मोकळे व्हा. एका वेळी एकच रिब घ्या. कूलर लावून शेड थंड करायचा मोह होईल, पण कूलर हवेत ओलावा भरतो, ओलाव्यानेही हे सीलंट लवकर धरतं, आणि वरून धूळ थेट जोडावर येते. घरात एसीची खोली असेल तर टाकी तिथे न्या. टाकी काही पंखाएवढी लांब नसते. हिवाळ्यात अडचण उलटी होते: 15 अंशांना हाताळायला भरपूर वेळ मिळतो, पण बी-2 ला 25 अंशांना पक्कं व्हायला जे तीनेक दिवस लागतात, ते दुप्पट धरा. शिवाय तेच दिवस कापूस वेचणीचे आणि जिनिंगचे. शेडमध्ये कापसाची गंजी असेल तर आधी ती हलवा. पुसलेल्या पत्र्यावर बसलेला एक तंतूही वातीसारखं काम करतो, इंधन त्याच्यातून झिरपत बाहेर येतं.

डबा शेडमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, आणि वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढून बंदच राहू द्या. थंड डबा उघडला तर आत दव धरतं.

प्रमाण वजनावर घ्या, आकारमानावर कधीच नाही. तुमच्या डब्यावर 10 ला 1 आहे, तर 40 ग्रॅम बेसला 4 ग्रॅम हार्डनर. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निकामी आहे, कारण 4 ग्रॅमवर अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे साडेबारा टक्क्यांची चूक. सराफी काटा घ्या, 0.1 ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा. हार्डनर तळाशी बसलेला असतो, म्हणून मोजण्याआधी त्याच्याच डबीत तो नीट ढवळा. मग पांढरट बेसमध्ये काळा हार्डनर घालून पाचेक मिनिटं दाबून दाबून मळा, कडा आणि तळ खरवडत. एकही पांढरी रेघ दिसायला नको. प्रत्येक बॅचमधला थोडा माल पत्र्याच्या तुकड्यावर फासून त्यावर तारीख आणि कुठे लावला ते लिहा. आठवड्याने त्यात नख रुतून खूण राहिली किंवा बोटाला चिकटलं, तर कोणता जोड उघडायचा हे तो तुकडाच सांगेल.

गळतीचं मूळ बहुतेक वेळा स्वच्छतेत असतं. जोडाची दोन्ही अंगं मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइट घासणीने चमक जाईपर्यंत घासा. मग पांढऱ्या सुती कापडावर एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, तेल विरघळवणारं द्रव) घेऊन पुसा आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. आपोआप वाळू दिलं तर विरघळलेलं तेल परत पत्र्यावरच बसतं. रंगाच्या दुकानातला थिनर नको, तो तेलकट थर सोडतो. रिव्हेटही एमईकेत धुऊन वाळवा. एमईकेची वाफ जड असते, जमिनीवरून सरकते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते, म्हणून मोटार, वेल्डिंग, चूल सगळं बंद आणि दारं उघडी. निळे नायट्राइल हातमोजे एमईकेत लवकर हार मानतात, सारखे बदला. काही हार्डनरमध्ये क्रोमेट असतं, तेव्हा उघड्या हाताने मळू नका.

लावताना रिबच्या पट्टीवर पातळ, सलग थर द्या. क्लेको (रिव्हेटच्या भोकांतून पत्रे तात्पुरते धरणारे चिमटे) लावल्यावर दोन्ही कडांनी सलग बारीक वळ बाहेर आला पाहिजे. जिथे वळ तुटला तिथे आत पोकळी आहे. सीलंट ओलं असतानाच रिव्हेट मारा. मग आतून प्रत्येक रिव्हेटच्या ठोकलेल्या डोक्यावर टोपीसारखा थेंब आणि कडेला गोलसर पट्टी. जास्त लावल्याने जास्त बंद होत नाही, वजन मात्र वाढतं.

मागच्या बॅफलचे, म्हणजे टाकी मागून बंद करणाऱ्या पत्र्याचे, कोपरे सगळ्यात दगाबाज. स्किन, रिब आणि बॅफल असे तीन पत्रे तिथे भेटतात, आणि बॅफल बसल्यावर आत हात जात नाही. बॅफल लावण्याआधी त्या कोपऱ्यांत भरपूर माल भरा, म्हणजे बॅफल दाबली की तो आत दबेल. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या झाकणाला कॉर्कचं गॅस्केट टाळा, तिथेही सीलंटच वापरा आणि स्क्रू त्यातच बुडवून बसवा. स्लॉशिंगचं पातळ द्रव टाकीत हिंडवून भेगा बुजवायचा सल्ला मिळेल, तो मानू नका. त्या थराच्या पापुद्र्या सुटून फिल्टरपर्यंत जातात.

गळतीच्या तपासणीला टाकीत हवा भरायला कम्प्रेसर लावू नका. 1 पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण अर्ध्या चौरस मीटर पत्र्यावर तो सुमारे 350 किलोचा भार होतो. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून टाकीला जोडा, तिच्यात पाणी भरा, टाकीत हळूच हवा भरून पाण्याच्या दोन बाजूंत 30 सेंटिमीटर उंचीचा फरक पुरे, आणि साबणाचं पाणी प्रत्येक रिव्हेटवर फिरवा. नुसती पाण्याची पातळी पाहून निकाल देऊ नका. टाकीतली हवा एक अंशाने तापली तरी पातळीतला फरक सुमारे साडेतीन सेंटिमीटर वाढतो, आणि आपल्याकडे सकाळी सात ते नऊमध्ये पारा किती चढतो ते तुम्ही जाणताच. त्या वेळात गळकी टाकीही पक्की दिसते.

आता तुमची ती पहिली रिब. रिव्हेट मारण्याआधीच सीलंट तार धरत होतं, म्हणजे ते दाबून बाहेर गेलेलं नाही. पत्रे एकमेकांपासून थोडे वर उचललेले राहिले असतील आणि रिव्हेट मधल्या फटीत फुगले असतील. रिव्हेट ड्रिल करून काढा, प्लास्टिकच्या पातीने जोड सोडवा, लोखंडी पातं लावू नका, ओरखड्यातून तडा जातो. जुना माल पूर्ण खरवडून पुन्हा घासा, पुसा आणि पहाटे लावा.