दोन्ही मोटरला सारखाच पीडब्ल्यूएम देऊनही रोबोट सरळ का जात नाही? पीआयडी टाकल्यावर तर झटके मारतो

तुमचं सामान असं दिसतंय: पिवळ्या गिअरच्या दोन मोटरी, २० भोकांच्या चकत्या, मोटरला वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर आणि प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड. दोन्हीकडे पीडब्ल्यूएम (वीज झरझर चालू-बंद करून मोटरला किती द्यायची ते ठरवणारा ० ते २५५ मधला आकडा) १५० दिला की गाडी डावीकडे ओढते, पीआयडी (हवा तो वेग आणि खरा वेग यांतला फरक बघून पीडब्ल्यूएम बदलणारा हिशोब) टाकला की थरथरते, आणि केपी-केआय-केडी (आत्ताच्या, साचलेल्या आणि बदलत्या फरकाला किती जोर द्यायचा ते आकडे) किती ठेवू असं तुम्ही विचारताय.

ते आकडे मी सांगणार नाही. तुमची गडबड बहुतेक त्याच्या आधीच, मोजणीत आहे. माझीही तिथेच होती.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दिवसा विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी, रात्री हा नाद. कपाशीच्या दोन ओळींमधून चालेल अशी एक लहान गाडी केली. पहिल्याच दिवशी ती धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे वळली. वडील बाजेवरून बघत होते. म्हणाले, "काहून रे, एकच बैल ओढून रायला तर बंडी सरळ कशी जाईन?"

दुखणं तेच आहे. पीडब्ल्यूएमने तुम्ही मोटरला व्होल्टेज देता, वेग नाही. चाकावर ओझं आलं की करंट वाढतो, वाइंडिंगच्या रोधातच जास्त व्होल्टेज खर्च होतं आणि वेग पडतो. त्यात एकाच डब्यातल्या दोन मोटरींचे ब्रश आणि गिअर कधी सारखे नसतात. म्हणून चाक खरंच किती फिरलं ते मोजून परत सांगावं लागतं.

मीही चकत्या लावल्या. चकतीच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश बघणारा सेन्सर; एक भोक गेलं की एक पल्स. मागून आलेली माती झाडता यावी म्हणून सेन्सर चाकाच्या बाहेरच्या बाजूला पट्टीवर बसवले. रात्री दुकानाच्या फरशीवर गाडी दोरी धरल्यासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी चार वाजता अंगणात सोडली तर डावं चाक पिसाळलं. तीन दिवस मी केपी वरखाली करत बसलो. मग एकदा लक्षात आलं की उत्तरेकडे जाताना डावं चाक पळतं आणि परत येताना उजवं. म्हणजे पश्चिमेकडे असेल ते चाक! उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. सेन्सरला चकतीचं भोक आणि दात यांतला फरकच कळत नव्हता, पल्स बंद. प्रोग्रामला वाटलं चाक थांबलंय, त्याने सरळ २५५ ठोकला. सेन्सरला वाइंडिंगच्या काळ्या टेपचं टोपडं घातलं आणि विषय मिटला.

तर आधी हे करा. चाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, हाताने बरोबर १० फेरे फिरवा, आकडा बघा. २०० यायला हवा. मला २३१ आला होता. भोकाच्या काठावर सिग्नल फडफडतो आणि एकाच दाताचे दोन पल्स मोजले जातात. चाक मिनिटाला २०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ६७ पल्स, म्हणजे दोन पल्समध्ये १५ मिलिसेकंद. म्हणून २ मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स बिनधास्त टाकून द्या. मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कंडेन्सरही झाळून टाका, ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो. उनोवर सेन्सर २ आणि ३ नंबरच्या पिनवर घ्या (पल्स आला की लगेच प्रोग्रामला कळवणाऱ्या पिना), मोजणीचा व्हेरिएबल व्होलाटाइल ठेवा, म्हणजे प्रोग्राम तो दरवेळी नव्याने वाचतो.

आता झटके. तुम्ही दर १०० मिलिसेकंदांनी पल्स मोजत असाल, तर त्या वेळात येतात ६ किंवा ७. चाक एकसारखं फिरत असलं तरी आकडा ६, ७, ७, ६ असा नाचतो. एका पल्सने १५ टक्क्यांचा फरक! पीआयडी बिचारा त्या खोट्या फरकामागे धावतो, आणि केडी असेल तर आणखीच. एवढ्या कमी पल्सवर पल्स मोजू नका, दोन पल्समधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजा. पैसे असतील तर मोटरच्या मागेच हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारे) बसवलेली गिअर मोटर घ्या. मोटरच्या एका फेऱ्याला ११ पल्स आणि गिअर १:३४ असेल, तर चाकाच्या फेऱ्याला ३७४. त्याला ऊन-धूळ लागत नाही, आणि दोन सेन्सर असल्याने उलट-सुलट दिशाही कळते.

मोजणी पक्की झाली की मग ट्यूनिंग. केडी शून्य, केआय शून्य. केपी वाढवत जा, चाक डोलायला लागलं की निम्मा करा. आता वेग थोडा कमीच राहील. जुन्या डिझेल इंजिनावर मळणीयंत्र चालवलेल्याला हे माहीत आहे: घास घातला की इंजिन दबतं, गव्हर्नर डिझेल वाढवतो, पण फेरे पूर्ण पहिल्याइतके होत नाहीत. (गव्हर्नरच्या त्या डोलण्याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६८ मध्येच मांडलं होतं, आपण आर्डुइनोवर तेच भोगतो.) ती उरलेली कसर केआय फरकांची बेरीज करत करत भरून काढतो. मात्र पीडब्ल्यूएम २५५ ला टेकला की बेरीज थांबवा. नाहीतर चाक ढेकळात अडकलं असताना बेरीज साचत जाते, आणि सुटल्यावर गाडी दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी उधळते.

एल२९८एन स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो, म्हणून दोघींतल्या हळू मोटरच्या कमाल वेगाच्या ७० टक्क्यांच्या वर लक्ष्य ठेवू नका. शेवटी, दोन्ही वेग सारखे झाले तरी सुरुवातीला मागे पडलेलं चाक मागेच राहतं आणि गाडी तिरपी जाते. दोन्ही चाकांच्या एकूण पल्समधला फरक काढून तोही थोडासा लक्ष्य वेगात मिसळा.

पण आधी ते १० फेरे. २०० आला नाही तर बाकी सगळं बाजूला ठेवा.