घरातल्या नासवरची (NAS, म्हणजे नेटवर्कला जोडलेला सगळ्यांचा सामायिक स्टोरेज डबा) एक्सेल फाइल ‘लॉक’ दिसते आणि बायकोने टाकलेले फोटो मला डिलीट होत नाहीत. काय करू?

हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकाच उपायाने सुटणार नाहीत.

आधी एक्सेल. फाइल उघडली की एक्सेल त्याच फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल बनवतं. लॅपटॉप मध्येच झोपला किंवा वायफाय तुटलं, तर ती तशीच पडून राहते. सगळ्यांनी फाइल बंद केलीय याची खात्री करा, लपलेल्या फाइल दाखवायला लावा आणि तेवढीच उडवा. मूळ फाइलला हात लावू नका! तरीही लॉक राहिला तर नासच्या पॅनेलमध्ये चालू कनेक्शनची यादी असते, तिथून अडकलेलं कनेक्शन तोडा.

फोटोंचं कारण मालकी. फाइल किंवा फोल्डर जो बनवतो त्याच्या नावावर होतं आणि ग्रुपला (एकत्र परवानगी दिलेल्या युजरना) बहुतेक वेळा फक्त वाचायची परवानगी मिळते; डिलीट करायला मात्र त्या फोल्डरवर लिहायची परवानगी लागते. दोघांना एका ग्रुपमध्ये घाला. सांबा (नासवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्या शेअरला, म्हणजे सामायिक फोल्डरला, ‘फोर्स ग्रुप’मध्ये तो ग्रुप, ‘क्रिएट मास्क’ 0664 आणि ‘डिरेक्टरी मास्क’ 2775 द्या; म्हणजे नव्या फाइली आणि फोल्डरांवर ग्रुपलाही लिहिता येईल. हे फक्त नव्या फाइलींना आणि फोल्डरांना लागू होतं. जुन्यांचा ग्रुप आणि परवानग्या एकदा हाताने बदलाव्याच लागतील. कृपया सरसकट 777 (म्हणजे कुणालाही सगळं करायची परवानगी) करू नका, घरातल्या एका व्हायरस लागलेल्या पीसीनेही सगळे फोटो जाऊ शकतात.

आणि हो, विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच युजरने जोडतं. म्हणून आधीच्या युजरचा साठवलेला पासवर्ड विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून काढून पीसी रीस्टार्ट करा, मगच तपासा.