वाचकांचे प्रश्न : पहिली कोण, आणि ती किती वर्षे खेळली?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत असून गेली दोन वर्षे शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर फुटबॉल खेळते. तिचे सर तिला मधल्या फळीत उभे करतात, त्यामुळे तिच्या नावावर गोल क्वचितच लागतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, धावायचेच असेल तर कविता राऊतसारखे धाव, निदान नाशिकचे नाव होईल. मुलींच्या फुटबॉलमध्ये आजवर कोणाचे नाव झाले? श्रीमती देवी यांना पद्मश्री मिळाल्याचे मी वाचले होते. अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला फुटबॉलपटू त्याच का, आणि त्यांची कारकीर्द कशी घडली, हे कृपया सविस्तर सांगावे.
— एक वाचक भगिनी, नाशिकरोड

उत्तर : आधी नावाविषयी. आपण ज्यांचा उल्लेख ‘श्रीमती देवी’ असा केला आहे, त्यांचे पूर्ण नाव ओइनाम बेमबेम देवी. मणिपूरमधील मैतेई समाजात घराण्याचे नाव आधी येते आणि स्त्रियांच्या नावापुढे ‘देवी’ लावण्याची रीत आहे. म्हणजे ‘ओइनाम’ हे त्यांचे घराणे आणि ‘बेमबेम’ हे त्यांचे स्वतःचे नाव. आपल्याकडील आडनावाच्या सवयीमुळे हा गोंधळ अनेकांचा होतो.

अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला फुटबॉलपटू मात्र त्या नव्हेत. तो मान बंगालच्या शांती मल्लिक यांचा, आणि वर्ष १९८३. त्या काळाची थोडी ओळख करून देणे मला आवश्यक वाटते, कारण ती पिढी आपण जवळजवळ विसरलो आहोत. भारतात महिलांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ १९७५ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत भारतीय महिला संघाने कोझिकोड येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत उपविजेतेपद मिळवले आणि १९८३ मध्ये बँकॉकला त्याची पुनरावृत्ती केली. मुली फुटबॉल खेळतात हेच ज्या काळी लोकांना नवलाचे वाटत असे, त्या काळी आपण आशियात दुसरे होतो.

शांती मल्लिक यांच्यानंतर एखाद्या महिला फुटबॉलपटूला अर्जुन पुरस्कार मिळाला तो थेट २०१७ साली, आणि तो बेमबेम देवी यांना. मधली वर्षे मोजली तर ती ३४ भरतात. पद्मश्रीचा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू मात्र बेमबेम देवीच. तो सन्मान २०२० साली जाहीर झाला.

आता कारकिर्दीकडे येऊ. त्यांचा जन्म १९८० साली इम्फाळचा. आपल्या मुलीप्रमाणेच त्याही लहानपणी मुलांबरोबरच खेळल्या. १९९१ मध्ये त्यांची मणिपूरच्या तेरा वर्षांखालील संघात निवड झाली आणि १९९५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मलेशियातील आशियाई स्पर्धेत गुआमविरुद्ध त्यांनी भारताकडून पदार्पण केले. तेथून २०१६ पर्यंत, म्हणजे तब्बल २१ वर्षे, त्या देशाकडून खेळल्या आणि त्यातील दीर्घ काळ त्यांनी संघाचे नेतृत्व केले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार त्यांना २००१ मध्ये मिळाला आणि पुन्हा २०१३ मध्ये. एकाच खेळाडूला बारा वर्षांच्या अंतराने तोच पुरस्कार मिळणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी अवश्य करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

या २१ वर्षांत खेळायला मिळाले किती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचा महिला फुटबॉल संघ खेळला. त्यानंतर या स्पर्धेत तो पुन्हा उतरला तो २०१४ साली इंचिऑनला. त्या वेळच्या नियमानुसार जो संघ दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळत नसे, त्याचे नाव जागतिक क्रमवारीतून वगळले जाई, आणि २००९ मध्ये आपल्या संघावर ती वेळ आली. दक्षिण आशियाई देशांची महिलांसाठीची सॅफ स्पर्धा सुरू झाली ती २०१० साली, तेव्हा बेमबेम देवी तिशीला पोहोचल्या होत्या. ज्या वयात बहुतेक खेळाडूंची उतरण सुरू होते, त्या वयात त्यांना नियमित स्पर्धा मिळू लागल्या, आणि २०१०, २०१२ व २०१४ या तिन्ही वेळी भारताने विजेतेपद मिळवले. २०१४ सालीच, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, लाको फुटी भुतिया यांच्यासह त्या मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळायला गेल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला नेपाळचा ४-० असा पराभव करून भारताने दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले आणि तेथेच त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला.

भारतात महिलांची राष्ट्रीय पातळीवरील लीग त्यांच्या निवृत्तीनंतर सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामाची अंतिम फेरी २०१७ च्या आरंभी दिल्लीत झाली आणि मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन हा संघ विजेता ठरला. बेमबेम देवी त्या संघाबरोबर होत्या, याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु अशी लीग त्यांच्या विशीत असती तर त्या कोठवर पोहोचल्या असत्या, ही हळहळ काही केल्या जात नाही. त्यांना आदराने ‘भारतीय फुटबॉलची दुर्गा’ म्हणतात. मी ही उपाधी सहसा वापरत नाही, कारण देवी म्हटले की सारे अंगभूत शक्तीच्या खात्यावर जमा होते, आणि पुढचा सामना केव्हा होणार हे ठाऊक नसताना वर्षानुवर्षे शरीर तयार ठेवण्याचे कष्ट नजरेआड होतात.

मधल्या फळीबद्दल आपण लिहिले आहे, ते वाचून मला विशेष बरे वाटले, कारण बेमबेम देवी याही मधल्या फळीतच खेळत. बचावफळीने अडवलेला चेंडू ताब्यात घेणे, मान वर करून आपले व समोरचे खेळाडू कोठे आहेत हे क्षणार्धात पाहणे, आघाडीच्या खेळाडूच्या पावलांपुढे मोकळ्या जागेत पास देणे आणि चेंडू हातचा गेला की धावत मागे येणे, हे सारे काम याच खेळाडूंचे. गोलफलकावर त्याची नोंद होत नाही. सरांनी आपल्या मुलीला तेथे उभे केले असेल, तर तिला खेळ वाचता येतो असे त्यांना वाटत असावे. सामना पाहताना गोल मोजण्याऐवजी तिचे किती पास आपल्याच संघाकडे पोहोचतात ते मोजावे.

कविता राऊत यांच्याविषयी नाशिककर म्हणून मलाही अभिमान आहे. सावरपाड्याच्या या कन्येने २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. परंतु ती शर्यत एकटीने धावायची असते. आपल्या मुलीला दहा सोबतिणी लागतील, आणि शाळेत तिच्या वयाच्या तेवढ्या मुली खेळत नसतील तर खरी अडचण तेथे आहे. शाळांच्या संघांसाठी असलेल्या सुब्रतो करंडक या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत सतरा वर्षांखालील मुलींचा स्वतंत्र गट असतो आणि त्यासाठीच्या शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. शाळेने मुलींचा संघ उतरवावा यासाठी आणखी चार-पाच पालकांना बरोबर घेऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, आणि मुलीचा जन्मदाखला हाताशी ठेवावा, कारण वयोगटाच्या तपासणीत तोच आधी मागतात.